गच्चीवरचा निळा टब

गप्पी माशाची मादी अंडी घालत नाही, पिल्लं देते, आणि देऊन झाली की त्यातली तोंडाशी येतील तेवढी खाते. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या खेपेला सकाळी कामावर जाताना मी टाकीत अकरा पिल्लं मोजली होती. संध्याकाळी आले तर चार. वाईट वाटलं असं म्हणणार नाही. राग आला, कारण मोजलेली वस्तू कमी भरली होती.

मोजणं हे माझं कामच आहे. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं उगवण तपासते. शंभर बिया मोजायच्या, ओल्या कागदावर ओळीने मांडायच्या, कागदाची गुंडाळी करून उबदार खोलीत ठेवायची आणि ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवल्या, किती वाकड्या निघाल्या, किती कुजल्या ते लिहायचं. आपल्याला काय वाटतं याला त्यात जागा नसते.

मासे घरात आले तेही हौसेने नव्हे. आमच्या वसाहतीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. म्हणून प्रत्येक घरात जमिनीखाली हौद, मोरीत दोन ड्रम आणि गच्चीवर टाकी. साठवलेलं पाणी म्हटलं की डास आलेच. एका पावसाळ्यात आरोग्य खात्याच्या बाईंनी बरणीतून पाच-सहा राखाडी गप्पी आणले आणि आमच्या हौदात सोडले. "अळ्या खातात, तुम्हाला बाकी काही करायचं नाही," म्हणाल्या. महिन्याभरात हौदातल्या अळ्या खरोखरच गेल्या. एखादी गोष्ट सांगितल्याप्रमाणे काम करते म्हटल्यावर मला तिच्यात रस वाटू लागतो. मी त्यातले चार मासे काढून स्वयंपाकाच्या ओट्यावर काचेच्या बरणीत ठेवले. बरणीची टाकी झाली, एका टाकीच्या पाच झाल्या. जिन्याखाली लोखंडी रॅक आला, त्यावर दिवे आले. आमच्या घरच्यांनी एकदाच विचारलं, "हे किती वाढणार आहे?" मी म्हणाले, "रॅकभर."

मग मी दुकानातून लाल शेपटीची जोडी आणली. मला अशी जात हवी होती, की जिची शेपूट बुडापासून टोकापर्यंत एकसारखी लाल असेल, मध्ये ठिपका नाही, कडेला काळी रेघ नाही. इथेही मला एक धडा मिळाला. दुकानातली मादी कोरी नसते. आधीच्या नराचं बीज ती पोटात राखून ठेवते आणि पुढच्या चार-पाच खेपांना त्याचीच पिल्लं देत राहते. मी तिच्यासोबत माझा निवडलेला लाल नर सोडून वाट बघत बसले, आणि पिल्लं निघाली ठिपक्यांची. तेव्हापासून मी मादी घरच्याच पिल्लांतून घेते. तीन आठवड्यांची झाली की नर एका टाकीत, माद्या दुसऱ्या टाकीत. व्यायला आलेली मादी भाजीच्या प्लॅस्टिकच्या जाळीदार टोपलीत ठेवायची. पिल्लं भोकांतून खाली निसटतात, ती वरच राहते. प्रत्येक टाकीवर चिठ्ठी, आणि वहीत तारीख.

आमच्या शेजारणीच्या मागच्या खोलीत भाडेकरू राहतात. आष्टीकडचं जोडपं. तो चौकात पंक्चर काढतो आणि ती हंगामात कपाशीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर रोजाने जाते. दुपारी मादीच्या ओळीतल्या कळ्यांचं केसर काढायचं, सकाळी नराचं फूल त्यावर फिरवायचं, हे तिचं काम. ती एकदा माझा रॅक बघायला आली. वाकून सगळ्या चिठ्ठ्या बघितल्या आणि म्हणाली,

"मॅडम, हे तर आपल्या प्लॉटासारखंच करून राह्यल्या तुमी. नर अल्लग, मादी अल्लग."

"तसंच आहे."

"तिथं आमी चुकलो तर मुकादम बोलतो. इथं तुमाला कोण बोलतं?"

"कोणी नाही."

"मंग मजा हाय तुमची."

तिला मी ड्रमात सोडायला पाच गप्पी दिले. साधे, राखाडी. मग शेजारणीने हौदासाठी घेतले, समोरच्यांनी घेतले, आणि वर्षभरात गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या घरांत माझ्याकडचे मासे गेले. शेजारीण मला मासेवाल्या मॅडम म्हणायला लागली. तिचं माझं तसं बरंच जमतं. बारा वर्षांपूर्वी दोन्ही घरं एकाच उन्हाळ्यात बांधली, तेव्हापासून. ती मोठ्याने बोलते, मी कमी बोलते, त्यामुळे दोघींना पुरतं.

आता टबाबद्दल. गप्पीचा रंग निम्मा रक्तातून येतो आणि निम्मा खाण्यातून. डबाबंद खाण्यावर वाढलेला नर विटकरी राहतो. जिवंत अळ्या खाल्लेला नर लालभडक होतो, पिल्लं लवकर वाढतात आणि मादी जास्त देते. जिवंत अळ्या म्हणजे डासांच्या अळ्या. त्या विकत मिळत नाहीत, पण फुकट मात्र होतात. मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, एक निळा प्लॅस्टिकचा टब ठेवला होता. त्यात अर्धं पाणी आणि मूठभर वाळलेला पाला. डास येऊन अंडी घालत, अळ्या होत, मी रोज सकाळी चहाच्या जुन्या गाळणीने त्या काढून माशांना घाली. एकही अळी पाच दिवसांपेक्षा जास्त वाढू द्यायची नाही हा नियम. सहाव्या दिवसापर्यंत अळीचा कोष होतो, त्यानंतर दीड-दोन दिवसांत डास. मी दोन वर्षं हा नियम पाळला. टबाबद्दल गल्लीत कोणाला माहीत नव्हतं. लपवलं होतं असं नाही, पण सांगितलंही नव्हतं. सांगितलं असतं तर शेजारीण काय म्हणाली असती ते मला ठाऊक होतं.

त्या श्रावणात पंचमीला मी धावड्याला माहेरी गेले. पन्नाशी उलटली तरी भाऊ पंचमीला बोलावतो आणि मी जाते. निघताना टबात दोन दिवसांच्या अळ्या होत्या. तीन दिवसांनी परत येणार, म्हणजे पाच दिवस भरतील, आल्याबरोबर गाळून टाकू. मी विसरले नव्हते. हिशेब करून गेले होते. घरच्यांना निघताना सांगितलं, "मासे बघा."

तिकडे दुसऱ्या दिवशी भावजय ओसरीच्या पायरीवरून घसरली आणि तिचा पाय सुजला. घरात पाहुणे, जेवणारी तोंडं दहा. मी थांबले. तीन दिवसांचे सहा झाले. त्या सहा दिवसांत मला टब एकदाही आठवला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. चौथ्या दिवशी भाकरी थापताना आठवला. घरी फोन करून सांगायचं म्हणजे आधी टब कशासाठी आहे ते सांगायला हवं होतं, गाळणी कुठे आहे ते सांगायला हवं होतं. माझी कामं मी दुसऱ्याला सांगत नाही. नीट होत नाहीत. म्हटलं, एवढ्याने काय होतं.

घरी आल्यावर आधी गच्चीवर गेले. मध्ये दोन दिवस चांगला पाऊस झाला होता आणि टब काठोकाठ भरला होता. अळ्या थोड्याच उरल्या होत्या. पाण्यावर मात्र बारीक, पारदर्शक टरफलं तरंगत होती, पुष्कळ. बी उगवलं की त्याची साल कागदावर मागे राहते. ती साल मी सव्वीस वर्षं बघते आहे, त्यामुळे समोर काय आहे हे ओळखायला वेळ लागला नाही. जे आत होतं ते उडून गेलं होतं.

टब ओतून दिला. खाली आले.

"मासे बघा म्हणाले होते ना?"

"बघितले की," हे म्हणाले. "दोन वेळा खाऊ घातलं. एकही मेला नाही."

ते खरं होतं. वहीत मी तारीख लिहिली आणि पुढे 'टब रिकामा' एवढंच लिहिलं.

पोळ्याच्या सुमारास शेजारणीच्या मुलीला ताप आला. मुलगी अकरावीत, माझ्या टाक्यांपाशी नेहमी येऊन बसणारी. आधी साधा ताप म्हणून गोळ्या झाल्या, मग अंगावर पुरळ आलं, मग रक्त तपासलं आणि डेंगी निघाला. पेशी खाली जात राहिल्या, तेव्हा तिला दवाखान्यात दाखल केलं. मी रोज डबा नेत होते. शेजारीण कॉटच्या पायथ्याशी बसून असे, मोठ्याने बोलायची सोय नसल्यासारखी. तिसऱ्या दिवशी मुलीने डोळे उघडून मला विचारलं,

"काकू, ती मोठी मादी व्याली का?"

"व्याली. अठ्ठावीस."

"किती खाल्ली?"

"एकही नाही. टोपली लावली होती."

"बरं केलं," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

मी डबा घेऊन परत निघाले. रिक्षात बसून मी पंचमीपासून दिवस मोजले. डास उडाला की लगेच रोग देत नाही. आधी त्याने कुणा आजारी माणसाला चावायला हवं, मग आठ-दहा दिवस जायला हवेत. पंचमी ते पोळा यात हे सगळं बसत होतं. ते डास डेंगीच्याच जातीचे होते का, हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत मी ते कधी बघितलं नव्हतं, माशांना फरक पडत नव्हता. म्हणजे खात्री नव्हती. पण खात्री नाही या शब्दांमागे मी प्रयोगशाळेत कोणाला लपू देत नाही. दाट शक्यता, एवढं तरी लिहायलाच लागतं.

मुलगी दवाखान्यात असतानाच आरोग्य खात्याची माणसं गल्लीत आली. एक बाई, एक पुरुष, हातात बॅटरी. घरोघरी ड्रम उघडून बघत होते, कूलर बघत होते, फ्रिजच्या मागची ताटली बघत होते. आमच्या फाटकाशी आले तेव्हा शेजारचे गृहस्थ, म्हणजे त्या मुलीचे वडील, घरी कपडे न्यायला आले होते. ते म्हणाले, "यांच्याकडं काय बघता? यांनीच तर साऱ्या गल्लीला मासे दिलेत."

बाईंनी माझा हौद बघितला, रॅक बघितला. "वा," म्हणाल्या. "गच्चीवर काही?"

"गच्चीवर काही नाही," मी सांगितलं. त्या दिवशी ते खरं होतं.

मग ते मागच्या खोलीकडे गेले. तिथे पत्र्याखाली पंक्चरवाल्याचे जुने टायर रचलेले असतात. त्याने प्रत्येक टायरला तापल्या सळईने भोकं पाडून ठेवलेली आहेत, पाणी साचू नये म्हणून. आम्ही कोणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्याने केलं होतं. बॅटरीचा उजेड प्रत्येक टायरात फिरला. सगळ्यात वरच्या टायरातून ओंजळभर पाणी निघालं. अळी नव्हती. बाईंनी तसं स्पष्ट सांगितलंही. पण तोवर गल्लीतल्या सात-आठ जणांनी टायरातून पाणी सांडताना बघितलं होतं, आणि तेवढं पुरलं. मी फाटकात उभी होते. मीही बघितलं. त्याची बायको ड्रमाचं झाकण हातात धरून उभी होती. "मासे हाईत ह्याच्यात, मॅडमनी दिलेले," ती त्या बाईंना सांगत होती.

मुलगी सहाव्या दिवशी घरी आली. पेशी वाढल्या होत्या, पण उभं राहिलं की तिला भोवळ येत होती. बघायला येणाऱ्या बायका पलंगाभोवती बसून एकच बोलत. टायर. शेजारणीला आता कोणावर तरी ओरडायचं होतं आणि माणूस मागच्याच खोलीत होता.

"घटस्थापनेपर्यंत खोली खाली करा म्हणलं त्याला," तिने मला सांगितलं. "तो म्हणे भाभी, भोकं पाडलेत, बघा. मी म्हणलं, भोकं बघायला टाइम न्हाई माझ्याकडं, माझी पोरगी मरता मरता वाचली. बराबर बोलले का न्हाई?"

मी म्हणाले, "टायरात अळी नव्हती म्हणाल्या ना त्या बाई."

"बॅटरी घिऊन आल्या तवा नसंल. आधी असंल की!"

यावर मला उत्तर देता आलं असतं. मी पोरीच्या पाण्याचा तांब्या भरून आणला.

घरी मी टबाचं सगळं सांगितलं, तेव्हा हे म्हणाले, "आता बोलून कोणाचा फायदा? पोरगी बरी झाली. तुझाच टब होता हे तरी कशावरून?"

"टायर होते हे तरी कशावरून?"

"त्याला दुसरी खोली मिळेल."

"टायर घेऊन कोण देणार आहे? डेंगीवाला म्हणून नाव झालंय त्याचं."

हे म्हणाले, "बारा वर्षांचा शेजार आहे, बघ बाई तू." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी सोळा दिवस गप्प राहिले. सकाळी कामावर जायचे, बिया मोजायचे, संध्याकाळी मासे. वहीतलं पंचमीनंतरचं पान मात्र उलटून टाकायची, ते नजरेला नको असायचं. त्या सोळा दिवसांत पंक्चरवाल्याची बायको दोनदा खोल्या बघून आली आणि दोन्ही वेळा नकार घेऊन आली. हे मला शेजारणीकडूनच कळलं. ते सांगताना तिचाही आवाज थोडा खाली आला होता, पण शब्द मागे घेणाऱ्यातली ती नाही.

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे घरातलं सगळं धुऊन निघतं. भांडी, पडदे, चादरी, आणि शेवटी वाकळा, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. वाकळ एकटीला धुता येते पण पिळता येत नाही. पाणी प्यायली की ती म्हशीएवढी जड होते. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, आणि दोघींनी उलट्या दिशेला पीळ द्यायचा. बारा वर्षं तिच्या वाकळा मी पिळते आणि माझ्या ती. त्या रविवारी सकाळी नळ आला आणि तिने भिंतीवरून हाक मारली, "ओ मासेवाल्या मॅडम, या की. पाणी जाईल."

तिच्या अंगणात पहिली वाकळ उचलली. तिच्या सासूच्या लुगड्यांची, जुनी, जाडजूड. दोन पीळ बसले तेव्हा मी म्हणाले,

"वहिनी, त्या टायरवाल्याला काढू नका."

"तुमाला का पुळका आला त्याचा?"

"डास माझ्याकडचे होते."

ती हसली. "तुमच्याकडं कुठले आले डास? तुमच्याकडं डास आला तर मासा खातो त्याला."

मग मी सगळं सांगितलं. टब, पाला, गाळणी, पंचमी, भावजयीचा पाय, पाण्यावरची टरफलं. जसं वहीत लिहिते तसं, क्रमाने. वाकळ आमच्या दोघींच्या मध्ये होती. ती सोडता येत नव्हती, कारण सोडली असती तर चिखलात पडली असती. तिचे हात पीळ देत राहिले. पाणी आधी धारेने पडत होतं, मग थेंबाने.

"किती दिवस उघडा होता?"

"सहा."

"अन् हे तुमाला कधीपासून ठाऊक हाय?"

"डास उडून गेले हे आल्या दिवसापासून. बाकीचं पोरीला दाखल केल्यापासून."

"डबा घिऊन येत हुत्या तवा ठाऊक हुतं?"

"हो."

ती अजून एक पीळ देत होती. आता पाणी येत नव्हतं. माझ्या मनगटांना कळ लागली, पण मी टोक सोडलं नाही. शेवटी ती म्हणाली, "धरा नीट," आणि आम्ही ती वाकळ तारेवर टाकली, कोपरे ओढून सारखी केली.

दुसरी वाकळ बादलीत होती. मी वाकले. तिने माझ्या आधी उचलली, तिचं एक टोक फाटकाच्या गजाला गाठ मारून बांधलं, दुसरं टोक दोन्ही हातांत धरलं आणि एकटीच पिळायला लागली. वाकळ अर्धी जमिनीला घासत होती.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "माझं मी करते."

मी घरी आले. माझ्या वाकळा त्या वर्षी मी धुतल्या नाहीत, उन्हात टाकून काढल्या.

संध्याकाळी पंक्चरवाल्याची बायको आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"भाभी आल्त्या," ती म्हणाली. "राहा म्हणल्या. भाडंबिडं आहे तेच. अन् तुमच्या टबाचं सांगितलं."

"बरं झालं."

"एक विचारू का, मॅडम?"

"विचार."

"आमच्या टायरात बॅटरी मारत हुते तवा तुमी फाटकातच हुत्या."

"होते."

"मंग?"

मी म्हणाले, "भीती वाटली."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, खरंच कळून घ्यायचं असल्यासारखी. "तुमाला कशाची? तुमाला कोण घर खाली करायला लावणार हुतं?"

तिने उत्तराची वाट बघितली नाही. जाताना वळून विचारलं, "ड्रमातले मासे ठिवू का काढू?"

"ठेव. ते कामाचे आहेत."

"ते हाईतच," ती म्हणाली.

तिने माझे आभार मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. तरीही मी बोलले म्हणजे मोठं काही केलं असं मला त्या दिवशी दुपारभर वाटत होतं, ते तिच्या त्या प्रश्नाने संपलं. सोळा दिवस मी जे तोलत होते त्याच्या एका पारड्यात माझा शेजार होता, दुसऱ्यात त्यांचं छप्पर. ती दोन्ही एकाच वजनाची आहेत असं धरून मी तोलत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी निळा टब घेऊन चौकात त्याच्या दुकानात गेले. म्हटलं, याला भोकं पाडून दे. त्याने सळई शेगडीत घातली.

"किती पाडू?"

"पाणी टिकणार नाही इतकी."

त्याने टब उलटा केला आणि तळाला ओळीने भोकं पाडली, एकसारख्या अंतरावर, अगदी बियाण्याच्या कागदावर मी मांडते तशी. जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला होता. तो टब परत देताना एवढंच बोलला, "आता ह्यात झाड लावा." मी त्यात माती भरली आणि कढीपत्ता लावला.

शेजारीण चार महिने बोलली नाही. मुलगी मात्र भिंतीवरून बोलायची, आई घरात असली की हळू आवाजात. तिला नीट चालायला-फिरायला दिवाळी उजाडली. पहिली चाचणी तिची बुडाली. संक्रांतीला शेजारीण माझ्याकडे आली, सगळ्या घरी जाते तशी. तिळगूळ माझ्या हातावर ठेवला आणि पुढचं वाक्य न म्हणताच समोरच्या घरी गेली. नंतर हळूहळू नळ आला का, दूधवाला गेला का, इतकं बोलणं सुरू झालं. मासेवाल्या मॅडम मात्र म्हणायची नाही.

मासे मी ठेवले. बंद करावेत असं एकदा मनात आलं होतं, पण त्यात माशांचा काय दोष, आणि गल्लीतल्या हौदांत त्यांचीच पिल्लं अळ्या खात होती. फक्त आता त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक मिळतो, फडक्यातून गाळून, आणि दुकानातलं डबाबंद खाणं. मादी अठ्ठावीसच्या जागी सोळा-अठरा देते. शेपट्या लाल निघतात, पण तो लालभडकपणा नाही, विटकरीकडे झुकलेला आहे. दुसऱ्या कुणाला कळणार नाही. मला कळतो. वहीत मी रंगाच्या रकान्यात 'फिका' लिहिते.

पुढच्या श्रावणात पंचमीला मी गेले नाही. भावाला कामाचं कारण सांगितलं. त्याच आठवड्यात आरोग्य खात्याची माणसं पुन्हा आली. या वेळी नवीन होती, दोघी तरुण मुली, हातात बॅटरी आणि कागद. त्या शेजारणीचा हौद बघून आमच्या फाटकाशी आल्या, तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"पोरींनो, खाली काही बघत बसू नका! आधी ह्यांच्या गच्चीवर चढा. मासेवाल्या मॅडम हाईत ह्या, ह्यांच्यावर बिलकुल इश्वास ठिवू नका!"

मुली थट्टा समजून हसल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मागच्या खोलीच्या दारात पंक्चरवाल्याची बायको उभी होती. ती हसली नाही, पण आतही गेली नाही.

"चला," मी म्हणाले आणि जिन्याचं दार उघडलं.

त्या दोघी माझ्यामागे चढल्या, आणि त्यांच्यामागे शेजारीण, गुडघे धरत, प्रत्येक पायरीला काहीतरी पुटपुटत. मुलींनी टाकीचं झाकण उचलून बॅटरी मारली. शेजारीण सरळ आडोशाकडे गेली. निळ्या टबातला कढीपत्ता आता कमरेएवढा झाला होता. तिने खाली वाकून टबाची भोकं बघितली. मग मातीत बोट घातलं, बाहेर काढून अंगठ्यावर चोळलं.

"कोरडं हाय," तिने मुलींना सांगितलं. "लिहा."

मग कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या तोडल्या, मला विचारलं नाही, पदरात धरल्या आणि खाली उतरली.